अंगठ्याच्या मुळाशी

मराठी भाषेने अंगठ्याला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. लिहितावाचता न येणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो. देणे बुडवून निघून गेलेला ऋणको आपल्याला अंगठा दाखवून गेला, असे म्हणतो. परंतु महाभारतकाराला अंगठ्याची किंमत पुरेपूर ठाऊक होती. एकलव्याकडे गुरुदक्षिणा मागताना द्रोणाचार्यांनी त्याचा डोळा मागितला नाही, की सबंध हातही मागितला नाही. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तेवढा मागितला, आणि तेवढ्याने एका धनुर्धराचे आयुष्य संपले.

पुराणकथा सोडून इतिहासाकडे वळले तरी हेच आढळते. विल्यम बोल्ट्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा एकेकाळचा नोकर. त्याने १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बंगालमधील रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांची एक हकिगत दिली आहे. जुलमाने रेशमाचे काम करावे लागू नये, म्हणून त्यांच्यापैकी काहींनी आपले अंगठे स्वतःच कापून घेतले, असे तो सांगतो. पुढे लोकस्मृतीत या हकिगतीचे रूप पालटले. कंपनी सरकारने विणकरांचे अंगठे तोडले, अशी कथा रूढ झाली. मूळ नोंद वेगळी आहे आणि एका अर्थी अधिक विदारकही आहे. अंगठा गेला की धंदा गेला, हे कारागिराला इतके पक्के माहीत होते की, सुटकेचा दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा त्याने याच अवयवावर सुरी ठेवली.

ज्या शहराचा आज मी विशेष उल्लेख करणार आहे, ते लखनौ शहरही अंगठ्याच्या बळावरच नावारूपाला आले, असे म्हटले तर ती केवळ अतिशयोक्ती ठरणार नाही. नबाबांचे राज्य १८५६ साली खालसा झाले. परंतु त्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेले हस्तकौशल्य मागे राहिले. चिकनकारी हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. लाकडी ठशांनी मलमलीवर नक्षी उमटवायची, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याने टाके घालायचे आणि शेवटी कापड धुऊन ठशांचा रंग घालवायचा, असा तिचा क्रम असतो. बखिया, मुर्री, फंदा, जाळी अशी त्या टाक्यांची नावे आहेत. फंदा बाजरीच्या दाण्याएवढा, तर मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी. हे काम मुख्यतः बायका करतात. शहरातल्या गल्ल्यांत करतात, तसे भोवतालच्या खेड्यांतूनही करतात. सुई धरायची ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, आणि डाव्या हाताच्या बोटांवर कापड ताणून धरायचे तेही अंगठ्याने दाबूनच. दिवसभरात हा चिमटा किती वेळा मिटतो आणि उघडतो याची गणती करणे कठीण आहे.

मराठी माणसाचे लखनौशी असलेले नातेही हाताच्या विद्येतूनच जुळलेले आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला भातखंड्यांचेच नाव मिळाले आणि आज ते विद्यापीठ झाले आहे. मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे दीर्घकाळ प्राचार्य होते. व्हायोलिनवादक विष्णू गोविंद जोग यांनी तेथे अध्यापन केले. व्हायोलिनचा गज तोलून धरणारा अंगठा असो, सरोदचा जवा तर्जनीशी दाबून धरणारा अंगठा असो, की चिकनची सुई धरणारा असो, या सर्वांचे कौशल्य शेवटी एका लहानशा सांध्यावर विसंबून असते. तो सांधा मोडला तर काय होते आणि तो पूर्ववत करण्याचे ज्ञान मनुष्याने कसकसे मिळवले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या सांध्याची रचना पाहू. आपल्याला अंगठ्याची दोनच पेरे दिसतात. पण त्यांच्या खाली, तळहाताच्या मांसल उंचवट्याआड, तिसरे एक हाड दडलेले असते. या हाडाचे बूड मनगटाच्या आठ लहान हाडांपैकी ट्रॅपेझियम नावाच्या हाडावर टेकलेले असते. ही दोन्ही हाडे एकमेकांवर जशी बसतात, त्याला शारीरशास्त्रज्ञ खोगिरी सांधा म्हणतात. घोडेस्वारीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. खोगिरावर बसलेला स्वार पुढे-मागे झुकू शकतो, डाव्या-उजव्या अंगालाही कलू शकतो, तरी त्याची बैठक सुटत नाही. अंगठा तळहातासमोर येऊन प्रत्येक बोटाला स्पर्श करू शकतो तो या बैठकीमुळे.

आता असे समजा की, कोणी सायकलवरून पडला आणि हाताची पकड न सोडता पडला; किंवा कोणी रागाच्या भरात मूठ आपटली आणि तिचा सारा भार अंगठ्याच्या टोकाकडून बुडाकडे गेला. अशा वेळी अंगठ्याचे हे तिसरे हाड बुडाशी तिरपे मोडते. तळहाताच्या बाजूचा एक लहानसा त्रिकोणी तुकडा बळकट अस्थिबंधामुळे जागच्या जागी राहतो. उरलेले सबंध हाड मात्र खोगिरावरून घसरते. स्वाराचा एक पाय रिकिबीत अडकून राहावा आणि स्वार स्वतः घोड्याच्या अंगावरून खाली लोंबकळावा, तसा हा प्रकार असतो.

घसरणीचे कारण स्नायूंत आहे. कोपराखालच्या हातात उगम पावणारा एक लांब स्नायू या हाडाच्या बुडाला चिकटलेला असतो. तो मोडलेले हाड मनगटाकडे आणि बाहेर ओढतो. आणि तळहातातला दुसरा स्नायू त्याच वेळी अंगठ्याचा पुढचा भाग आत खेचतो. परिणाम असा होतो की, अंगठा ओढून आणि बुडावर दाब देऊन हाड जागेवर आणणे सोपे असते, पण हात सोडताच ते पुन्हा घसरते. म्हणजे या अस्थिभंगात हाड बसवणे ही अडचण नाही. बसवलेले हाड बसलेले ठेवणे ही अडचण आहे. त्याचा पुढचा सारा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

अस्थिभंगाच्या उपचारात भारतीय वैद्यक मागे नव्हते. काशीच्या परंपरेतील सुश्रुतसंहितेने मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. आधारपट्ट्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सुचवले आहेत. बंधन फार सैल असले तर सांधा स्थिर राहत नाही. फार घट्ट असले तर सूज, वेदना आणि पू होतो, असा इशारा दिला आहे. थंडीच्या दिवसांत बंधन सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावे, असेही सांगितले आहे. हात बरा होऊ लागला म्हणजे प्रथम मऊ गोळा मुठीत धरावा, मग मातीचा धरावा आणि बळ आल्यावर दगड धरावा, हा त्या ग्रंथातला उपदेश वाचताना आजच्या व्यायामोपचारतज्ज्ञाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तथापि सालींच्या पट्ट्या कितीही कौशल्याने बांधल्या, तरी कातडीखालच्या त्या लहानग्या खोगिराला त्या बाहेरून पुरेसे धरू शकत नव्हत्या. आणि मुळात आत काय मोडले आहे, हे पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

ते प्रथम पाहिले डब्लिनच्या एका शल्यचिकित्सकाने, आणि तेही मृतांच्या अस्थींत. एडवर्ड हॅलरन बेनेट यांचा जन्म १८३७ सालचा. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तेथील संग्रहालय त्यांच्या देखरेखीखाली होते. मोडून पुन्हा सांधलेली हाडे जमवणे हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्या संग्रहातील हाडे चाळत असता अंगठ्याच्या बुडाशी एकाच तऱ्हेची तिरपी मोड झालेले अनेक नमुने त्यांना आढळले. जिवंतपणी या माणसांचा अंगठा मुरगळला आहे, किंवा फार तर निखळला आहे, असाच वैद्यांचा समज झाला असला पाहिजे. कारण या भंगाचे वर्णन तोवर कोणी केलेले नव्हते. बेनेट यांनी १८८२ साली ते प्रसिद्ध केले आणि चार वर्षांनी, १८८६ साली, या विषयावर पुन्हा लेखणी चालवली. तेव्हापासून हा भंग त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९१० साली रोलांडो या इटालियन शल्यचिकित्सकाने अधिक बिकट असा दुसरा प्रकार वर्णन केला. त्यात बुडाचे तीन तुकडे होतात आणि मोडीच्या रेघा रोमन लिपीतील ‘वाय’ या अक्षरासारख्या दिसतात.

क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी तेरा वर्षे बेनेट यांनी हे निदान केले, ही गोष्ट मनावर ठसण्यासारखी आहे. संग्रहालयातल्या अस्थी आणि तर्क करणारी बुद्धी, एवढीच त्यांची सामग्री होती. पुढे १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण गवसले, आणि डिसेंबरात त्यांनी जे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले ते त्यांच्या पत्नीच्या हाताचे होते. बोटातल्या अंगठीसह हाताची सारी हाडे जिवंतपणी दिसू लागली. बेनेट यांचे निधन १९०७ साली झाले. जो भंग त्यांनी मृतांच्या हाडांवरून ओळखला, तो आता जिवंत माणसाच्या चित्रात पाहता येऊ लागला होता.

दिसू लागले तरी धरून ठेवण्याचा प्रश्न उरलाच. प्लास्टर घालावे, ते अंगठ्याच्या बुडावर दाबून बसवावे, असे उपाय होत राहिले. कुशल हातांना त्यात यश येई. पण सूज उतरली की प्लास्टर आतून सैल पडे, आणि त्या ओढाळ स्नायूला तेवढी सवड पुरे होई. मग अंगठ्याला ताण लावून ठेवण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. त्यांतल्या काहींनी हाड धरले, पण कातडी सोलवटली; काहींनी कातडी राखली, पण हाड सोडले.

या कोंडीतून वाट काढली ती एका तारेने. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली हाडातून आरपार घालावयाच्या बारीक, गुळगुळीत पोलादी तारेचा उपयोग सांगितला. पियानोच्या तारेशी तिचे साम्य होते. मूळ हेतू मांडीच्या हाडासारख्या मोठ्या हाडांना ताण लावण्याचा होता. परंतु जी तार मोठ्या हाडाला ताणू शकते, ती लहान हाडाला टाचूही शकते, हे पुढे लोकांच्या ध्यानी आले. वॅग्नर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९५० साली बेनेटच्या भंगावर हा उपाय मांडला. अंगठा ओढून हाड जागेवर आणायचे आणि हात न सोडता बाहेरून, कातडीतूनच, एक तार हाडात घालून ती खोगिरापर्यंत उतरवायची. कापड शिवण्यापूर्वी शिंपी टाचणी लावतो, तशी ही टाचणी. हाड सांधेपर्यंत ती राहते. काम झाले की उपटून काढतात. लहान त्रिकोणी तुकड्याला हात लावण्याचीही गरज बहुधा पडत नाही. घसरलेला स्वार परत बैठकीवर आला आणि तेथे टाचला गेला, की त्याचा अडकलेला पाय त्याला आपोआप येऊन मिळतो.

याच सुमारास दुसरा पक्षही पुढे आला. स्वीडनच्या गेडा यांनी १९५४ साली या भंगाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत जुळला पाहिजे आणि त्यासाठी सांधा उघडून डोळ्यांनी पाहिले पाहिजे, हे मत त्या अभ्यासाने बळावले. युक्तिवाद साधा होता. खोगिराला खाच राहिली तर वर्षानुवर्षे ती घासत राहील आणि सांधा झिजेल. भूल देण्याची कला १८४६ पासून रुळलेली होती. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीने १८६७ नंतर जखमा चिघळण्याचे भय कमी केले होते. पेनिसिलीनही हाताशी आले होते. तेव्हा उघडून का पाहू नये? अनेकांनी तसे केले आणि ते चुकीचे होते असे म्हणता येत नाही. पण उघडण्याचीही किंमत असते. अंगठ्याच्या बुडाशी कातडीखाली स्पर्शज्ञानाच्या मज्जातंतूच्या नाजूक फांद्या पसरलेल्या असतात, मनगटाची मुख्य रोहिणी तेथूनच वळण घेते. आणि अस्थिबंध सुटा केला की तुकड्याचे रक्तपोषण उणावते. जखम भरली तरी व्रण आखडतो आणि सांधा कडक होतो.

आपल्या देशात हा वादविवाद पोहोचला तेव्हा अस्थिशल्यविद्येची स्वतंत्र घडण नुकतीच होत होती आणि तीत लखनौचा वाटा मोठा होता. तेथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला, पुढे पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या हस्ते, १९०५ साली बसली. जागा होती जुन्या मच्छी भवन किल्ल्याची आणि आराखडा सर स्विंटन जेकब यांचा. १९११ साली तेथे अध्यापन सुरू झाले. २००२ साली त्याचे विद्यापीठ झाले. या संस्थेत डॉ. बी. एन. सिन्हा यांनी अस्थिशल्यविद्येचा पाया घातला, आणि १९५५ साली भारतीय अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तोवर मोडलेली हाडे हा सामान्य शल्यचिकित्सकाच्या कामाचा एक कोपरा होता. आता त्याला आपले घर मिळाले. त्याच काळात दक्षिणेत वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांचे लुळे पडलेले हात स्नायूंची जागा बदलून पुन्हा कामाला लावत होते. हात हा केवळ अवयव नसून मनुष्याची उपजीविका आणि प्रतिष्ठा आहे, हा विचार भारतीय वैद्यकाने त्यांच्यापासून घेतला.

यानंतरची प्रगती ही एका दृष्टीने दृष्टीचीच प्रगती होय. १९५० नंतरच्या दशकात क्ष-किरणांची प्रतिमा उजळ करून दाखवणारे यंत्र आले आणि ते इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या फिरत्या बाहूवर बसवले गेले. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीच, हाड हलत असता, त्याचे चित्र पडद्यावर पाहता येऊ लागले. ज्यासाठी सांधा उघडावा लागे, ते आता न उघडता दिसू लागले. वॅग्नर यांची तार पूर्वी बऱ्याच अंशी अंदाजाने जाई. ती आता डोळसपणे जाऊ लागली. १९८४ साली ऑस्ट्रेलियाच्या हर्बर्ट यांनी डोके नसलेला, सबंध हाडातच बुडून जाणारा एक स्क्रू प्रचारात आणला. तुकडा पुरेसा मोठा असेल तर असा बारीक स्क्रू लहानशा छेदातून बसवता येतो. गुडघ्यात दुर्बीण घालण्याचे प्रयत्न जपानमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले होते. त्या दुर्बिणीची लहान भावंडे शतकाच्या शेवटच्या दशकात अंगठ्याच्या खोगिरात शिरली. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन छेदांतून सांध्याचा पृष्ठभाग मोठा करून पाहता येऊ लागला.

या मालिकेत मुंबईचेही एक नाव आहे, आणि मराठी श्रोत्यांना ते ठाऊक असावे. डॉ. बी. बी. जोशी हे मुंबईतले हस्तशल्यचिकित्सक. त्यांनी त्याच किर्शनरच्या तारा, लहान लहान पकडी आणि जोडदांडे यांची एक हलकी बाह्य चौकट तयार केली. तारा हाडात आणि चौकट कातडीबाहेर, अशी तिची रचना असते. भंगाची जागा उघडावी लागत नाही. चौकटीने ताण देऊन तुकडे आपल्या जागी धरता येतात. रोलांडोच्या भंगासारखा चुरा झाला असता, जेथे स्क्रूला धरायला हाडच शिल्लक नसते, तेथे ही युक्ती उपयोगी पडते. तिचा जगभर ‘जेस’ या संक्षिप्त नावाने उल्लेख होतो आणि त्यातले पहिले अक्षर जोशी या आडनावाचे आहे. महागड्या आयात साहित्यावाचून, साध्या तारांच्या आधारे केलेला हा विचार आपल्या परिस्थितीतून उगवलेला आहे.

मग लहान छेदाची शस्त्रक्रियाच सदैव श्रेष्ठ, असे समजायचे काय? तसे म्हणणे धाडसाचे होईल. भंग सांध्याबाहेर, बुडाच्या जरा वर असेल तर खोगीर अभंग राहते. हाड थोडे वाकडे सांधले तरी अंगठा आपले काम करतो आणि पुष्कळदा केवळ प्लास्टर पुरते. भंग सांध्यात असून कातडीवरून ओढून तुकडे जुळत नसतील, तर उघडून जुळवणे हेच शहाणपणाचे. किती फट राहिली तर चालेल, याविषयी तज्ज्ञांत अजून एकवाक्यता नाही. एक मिलिमीटरचा आग्रह धरणारे आहेत. आणि पूर्ण जुळणी न होताही वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले अंगठे दाखवून देणारेही आहेत. पडद्यावरचे सपाट चित्र वाकड्या खोगिराविषयी कधी कधी फसवते, हाही अनुभव आहे. तारेच्या छिद्रातून जंतू शिरू शकतात. तार मज्जातंतूला टोचू शकते. छेद लहान झाला म्हणून जबाबदारी लहान होत नाही. उलट, उघड्या जखमेत बोटांना जे चाचपता येते, ते येथे आधी मनात स्पष्ट असावे लागते. कोणता स्नायू कोठे ओढतो, तुकडा कोठे अडकला आहे, तार कोठून गेली म्हणजे कशाला स्पर्श करणार नाही, हे ज्याला पाठ आहे त्यानेच अर्ध्या सेंटिमीटरच्या छेदावर भरवसा ठेवावा. छेद जितका लहान, तितके त्यामागचे ज्ञान मोठे असावे लागते.

या इतिहासात मला सर्वांत आश्वासक वाटते ती एक साधी व्यावहारिक गोष्ट. शस्त्रक्रियेची बहुतेक प्रगती खर्चाच्या चढत्या पायऱ्यांनी जाते. येथे मात्र मुख्य शस्त्र म्हणजे सुमारे एक-दीड मिलिमीटर जाडीची पोलादी तार आहे. अस्थिशल्याच्या भांडारात तिच्याहून स्वस्त वस्तू क्वचितच सापडेल. भूलही सबंध देहाला द्यावी लागत नाही. बोटांत ॲड्रेनलिन घातलेली भूल टोचू नये, नाहीतर बोट मरेल, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले जाई. कॅनडाचे डॉ. लालोंद आणि त्यांचे सहकारी यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही भीती निराधार असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे आता हाताच्या कित्येक शस्त्रक्रिया रोगी जागा असताना, दंडाला रक्त रोखणारा पट्टा न आवळता होतात. तार काढण्यासाठी तर पुन्हा शस्त्रक्रियागृहात जाण्याचेही कारण नसते. साधारणतः चार ते सहा आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच ती काढता येते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एक प्रतिमायंत्र आणि एक शिकलेला हात असेल, तर हा उपचार गरिबाच्या आवाक्याबाहेरचा नाही.

अडथळा येतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर. अंगठ्याच्या बुडाशी सूज आली की घरातले म्हणतात, मुरगळला असेल. हळद लावा, शेक द्या. कोणी हाडवैद्याकडे जाऊन चोळून घेतो. बोटे हलतात, अंगठाही थोडा हलतो. मग मोडले कसे असेल, असा प्रश्न केला जातो. बेनेट यांच्या पूर्वी वैद्यांचा जो गैरसमज होता, तो आपल्या घरांत आजही नांदतो आहे. पहिल्या काही दिवसांत जे हाड ओढताच जागेवर येते, ते तीन-चार आठवड्यांनी तेथेच सांधू लागते आणि लहान छेदाची वाट बंद होते. पुढे तक्रार ठळक नसते. किल्ली फिरवताना कळ येते, डब्याचे झाकण उघडत नाही, पिळे घट्ट होत नाहीत. चिकन काढणारीला मुर्रीचा टाका पूर्वीसारखा जमत नाही. तिला वाटते, वय झाले. तिची मजुरी नगावर ठरत असल्यामुळे अंगठ्यात उतरलेली झीज महिन्याच्या कमाईत दिसते. पण तिच्या दवाखान्याच्या कागदावर ती कोठेही नोंदलेली नसते.

म्हणून या विषयातला सामान्य माणसाचा वाटा लहान असला तरी निर्णायक आहे. पडल्यावर किंवा ठोसा बसल्यावर अंगठ्याच्या बुडाशी सूज आली, चिमटीत जोर उरला नाही, तर तो चोळू नये. हात उंच धरावा, आधार द्यावा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. तार निघाल्यावर सुश्रुताचा तो जुना क्रम पाळावा. आधी मऊ गोळा, मग कठीण. आधी हालचाल, मग बळ. घाई करू नये आणि आळसही करू नये.

बेनेट यांनी संग्रहालयात हाताळलेली ती हाडे ज्यांची होती, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ती माणसे कष्टाची कामे करणारी असावीत, आणि मुळाशी वाकडा सांधलेला अंगठा घेऊनच त्यांनी उरलेले आयुष्य काढले असावे. त्यांच्या दुखण्याला त्यांच्या हयातीत नाव मिळाले नाही. आज ते नाव आहे, त्याचे चित्र आहे आणि त्याला धरून ठेवणारी तारही आहे. लखनौच्या गल्लीत सुई धरून बसलेल्या बाईचा अंगठा या ज्ञानापर्यंत वेळेत पोहोचणे, एवढेच आता उरले आहे. आणि ते काम शल्यचिकित्सकाच्या हाती येण्यापूर्वी तिच्या घरच्या माणसांच्या हाती असते.